बाबा लोको वर्कशॉपच्या बॉयलर शॉपला होते, तिथलं काम नेमकं कसं असायचं?

खारेगावकर

नमस्कार मंडळी. आपल्या ठाण्यात १६ एप्रिल आला की पहिल्या गाडीचं कौतुक सुरू होतं, बोरीबंदर ते ठाणे, १८५३, साहिब सिंध सुलतान ही तीन इंजिनं, चारशे पाहुणे, सगळं शाळेपासून पाठ आहे. मुलीला यावरच प्रोजेक्ट दिलाय आणि तिने सरळ विचारलं की बाबा, इंजिन बिघडलं तर दुरुस्त कोण करायचं? मला काही सांगताच आलं नाही, आणि तेच काम आयुष्यभर केलेला माणूस आमच्याच घरात बसलाय.

माझे बाबा रेल्वेत लोको वर्कशॉपला होते, आधी खलाशी (म्हणजे मदतनीस), मग बॉयलर शॉपला. वाफेच्या इंजिनांच्या काळात लागले आणि नंतर डिझेलवर गेले. आता ऐंशीच्या पुढे आहेत. ऐकू जवळपास येतच नाही, आणि हे म्हातारपणाचं नाही, मी शाळेत होतो तेव्हापासून आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. शेजारच्यांना वाटायचं भांडणं चाललीत. नोकरीत असताना त्यांचे कान कधी तपासल्याचं आईला आठवत नाही. विचारलं तर म्हणतात "काम होतं, केलं". त्याच्या पुढे काही नाही.

मला जाणून घ्यायचंय की बॉयलर शॉपमध्ये दिवसभर नेमकं चालायचं काय, एवढा आवाज कशाचा, खोकला कशाने लागतो (त्यांना तोही आहे), आणि तेव्हा कायदा वगैरे काही होता का नव्हता. नेटवर इंजिनांचे फोटो पाहिजे तेवढे मिळतात पण ती उघडून आत बसणाऱ्या माणसांबद्दल फार कमी लिहिलेलं सापडतं. इथे कोणी जुने रेल्वेवाले असतील तर प्लीज सांगा, कितीही मोठं लिहिलंत तरी वाचेन.

---

निवृत्त_चार्जमन

भाऊ, बरं केलंत विचारलंत ते. मी स्टीमच्या अगदी शेवटच्या काळात अप्रेंटिस म्हणून लागलो, सध्या कळव्यातच असतो. जमेल तेवढं सांगतो.

पहिल्यांदा शेड आणि वर्कशॉप वेगळं करा, लोक दोन्ही एकच समजतात. शेडमध्ये रोजचं काम, इंजिन आलं की आग पाडायची, राख काढायची, बॉयलर धुवायचा, कोळसा पाणी भरून परत गाडीला लावायचं. वर्कशॉपला इंजिन यायचं ते पीओएचला, म्हणजे पूर्ण खोलायलाच. चाकं काढून व्हील शॉपला, बॉयलर फ्रेमवरून क्रेनने उचलून बॉयलर शॉपला, बेअरिंग तिसरीकडे. ग्रीस चिकटलेले पार्ट उकळत्या कॉस्टिकच्या टाकीत सोडायचे, त्या टाकीपाशी काम करणाऱ्यांच्या हातावर डाग असायचेच. फाउंड्रीत वाळूची धूळ, बेअरिंगला व्हाइट मेटल ओतायचं तिथे शिशाची वाफ. प्रत्येक शॉपचा त्रास वेगळा, पण कानासाठी बॉयलर शॉपच्या वर काही नाही.

आता बॉयलर शॉपचं ऐका. लोकोच्या बॉयलरमध्ये मागे फायरबॉक्स, पुढे स्मोकबॉक्स आणि मधे शंभराहून जास्त नळ्या, त्यातून आगीचा धूर जातो आणि बाहेरून पाणी असतं. पाणी जड असलं की नळ्यांवर क्षाराचा थर बसतो, मग कोळसा जास्त खातो आणि पत्रा तापून खराब होतो. म्हणून पीओएचला सगळ्या नळ्या काढायच्या, एका मोठ्या फिरत्या ड्रममध्ये टाकायच्या आणि ड्रम फिरवत ठेवायचा, नळ्या एकमेकींवर आपटून थर निघतो. लोखंडी ड्रममध्ये लोखंडी नळ्या तासन् तास आपटतायत हे डोळ्यासमोर आणा. पुण्यात तांबट आळीत उभं राहिलं की कान बधिर होतात ना, त्याच्या कैक पट आणि तेही पत्र्याच्या छपराखाली. मग नळीची टोकं कापून नवीन तुकडा जोडायचा, परत बसवायची, एक्स्पांडरने फुगवायची आणि कड हातोड्याने वळवायची. एका बॉयलरला एवढ्या नळ्या, दोन्ही टोकं, आणि शॉपमध्ये एका वेळी अनेक बॉयलर.

त्याहून वाईट रिबीटचं काम, म्हणजे पत्रे जोडणारे लोखंडी खिळे. रिबीट भट्टीत लाल करून सांडशीने द्यायचा, भोकात घालायचा, बाहेरून एक जण हवेच्या हातोड्याने ठोकणार आणि आत बॉयलरमध्ये दुसरा माणूस जड लोखंड त्याच्या डोक्याला लावून दाबून धरणार. बाहेरच्याचा आवाज निदान हवेत जातो. आतला माणूस त्या घुमणाऱ्या पिंपात बसलेला असतो, आवाज सगळ्या बाजूंनी, दाब अंगावर, हादरा हातात. तुमचे बाबा खलाशी म्हणून लागले म्हणता म्हणजे सुरुवातीची वर्षं ते आतच बसले असणार, कारण नवीन पोराला आतच पाठवायचे.

आणि स्टे. फायरबॉक्सचा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांना धरून ठेवणारे शेकड्यांनी स्टे असतात, त्यातले काही तुटतात. ते शोधायला फायर होलच्या तोंडातून आत सरपटत जायचं, हात आधी मग खांदे तिरके करून, आणि छोट्या हातोडीने एकेक स्टे ठोकून आवाजावरून ओळखायचं चांगला का तुटलेला. जुने बॉयलरमेकर हे काम असं करायचे की बघत राहावं. ज्याचे कान याच शॉपने घालवलेत त्याच माणसाला कानाने निदान करायला लावायचे, हा विचार मला तेव्हा आला नाही, आता येतो आणि फार वाईट वाटतं. तरी ती माणसं चुकायची नाहीत, हाताला लागणाऱ्या झटक्यावरूनही त्यांना कळायचं.

कानात काय घालायचे विचाराल तर वेस्टचा बोळा, मशीन पुसायचं सूत असतं ते. बस्स.

---

नेरुळचा_स्टीमवेडा

काकांनी फार भारी लिहिलंय, सेव्ह करून ठेवलं. पण एक बाजू मलाही मांडू द्या. या वर्कशॉपांनी देशाला कारागिरी शिकवली हे विसरू नका. जमालपूर १८६२ चं, जीआयपीचं (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं) भायखळ्याचं काम १८७९ ला परळला आलं, अजमेरला १८९५ मध्ये एफ ७३४ हे मीटरगेजचं इंजिन इथल्या हातांनी पूर्ण बनवलं, ते आज दिल्लीच्या रेल म्युझियममध्ये उभं आहे, १८९९ ला जमालपूरने लेडी कर्झन हे इंजिन बनवलं. ब्रॉडगेजची शेवटची नियमित वाफेची गाडी १९९५ च्या डिसेंबरात जालंधर फिरोजपूर धावली, म्हणजे तोपर्यंत कोणीतरी ही बॉयलरं जिवंत ठेवतच होतं. डब्ल्यूपी या ब्रॉडगेज पॅसेंजर इंजिनाचा बॉयलर चौरस इंचाला २१० पौंडाच्या दाबाने चालायचा, त्यात एक स्टे किंवा नळी चुकली तर फुटप्लेटवरची (इंजिन चालवणारी) माणसं भाजणार. तसं होऊ नये ही जबाबदारी तुमच्या बाबांसारख्यांनी घेतली.

आणि नोकरी पक्की होती, पगार वेळेवर, पास, क्वार्टर, पेन्शन. त्या काळात गिरणीतल्या किंवा बाहेरच्या छोट्या वर्कशॉपमधल्या माणसाला यातलं किती मिळायचं? सगळं आजच्या चष्म्यातून बघितलं तर त्या पिढीवर अन्याय होईल असं मला मनापासून वाटतं. मी हरियाणात रेवाडीच्या स्टीम शेडला जाऊन आलोय, १८९३ ची शेड, अजून इंजिनं पेटवतात. तिथल्या जुन्या माणसांच्या डोळ्यात इंजिनाबद्दल जे दिसतं ते त्रासाच्या यादीत येत नाही.

---

रबाळे_सेफ्टी

मी ठाणे बेलापूर पट्ट्यात सेफ्टीचं काम करतो, बॉयलर आणि बंदिस्त टाक्या हा रोजचा विषय, म्हणून लिहितोय. स्टीमवेडा, कारागिरीबद्दल तुमचा शब्द न् शब्द मान्य. पण "आजच्या चष्म्यातून" हे मान्य नाही, कारण हे नुकसान तेव्हाही माहीत होतं. १८८६ साली ग्लासगोमध्ये थॉमस बार नावाच्या कानाच्या डॉक्टरांनी शंभर बॉयलरमेकर तपासले, खिशातलं घड्याळ कानापाशी धरून टिकटिक ऐकू येते का असं बघून, आणि त्या शंभरात एकाचेही कान नॉर्मल निघाले नाहीत. परळचं वर्कशॉप सुरू होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती आणि आपल्याकडे येणारी इंजिनं त्या काळी बहुतेक ब्रिटनमध्येच बनायची, ग्लासगो तर त्यातलं मोठं ठिकाण. म्हणजे इंजिन तिथून आलं, इंजिन दुरुस्त करायची पद्धत तिथून आली, हत्यारं आली, पण बॉयलरवाले बहिरे होतात हे कळूनसुद्धा कान वाचवायची सोय त्यांच्याबरोबर आली नाही.

कायद्याचं विचारलंत. १८८१ चा पहिला फॅक्टरी ॲक्ट मुख्यतः मुलांच्या कामापुरता होता, मोठ्या माणसाचे तास त्यात नव्हतेच. आपल्या ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी भांडून १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली, म्हणजे त्याआधी हक्काचा रविवारही नव्हता. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली, १९३४ ला ५४ आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८, तेच १९४८ च्या कायद्यात राहिले. रेल्वे कामगारांनी मात्र हे फार आधी मागितलं होतं, हावड्याला १८६२ मध्येच कामगार आठ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले होते. वर्कशॉप हे फॅक्टरी ॲक्टमध्ये यायचं, रनिंग स्टाफचे (गाडी चालवणाऱ्यांचे) नियम वेगळे, त्यामुळे खारेगावकर, तुमच्या बाबांना १९४८ चा कायदा लागू होता.

तो कायदा २०२५ पर्यंत होता, त्यात ३६ आणि ३६-अ कलमांत स्पष्ट होतं की बॉयलरची भट्टी, फ्लू (धुराची वाट) किंवा कुठल्याही बंदिस्त जागेत ती पुरेशी थंड होऊन माणसाला जाण्यालायक होईपर्यंत कोणाला आत पाठवायचं नाही आणि आत न्यायचा हातदिवा २४ व्होल्टच्या वरचा नको. हे उगाच लिहिलेलं नाही. ओला घाम, लोखंडी पिंप आणि साधा २३० चा दिवा, वायर कुठे सोलली असली तर माणूस आतल्या आत संपतो आणि ओढून काढायला तोंड एवढंसं. आत गॅस कटिंग किंवा वेल्डिंग चाललं असेल तर धूर जायला जागा नाही, तोच धूर छातीत. आजही मी रोज परमिट लिहिताना आत कोण, बाहेर कोण उभा, हवा तपासली का हे विचारतो आणि आजही लोक म्हणतात साहेब दोन मिनिटांचं काम आहे.

आवाजाचं सांगायचं तर आता आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरतात, आणि आवाजाने आलेला बहिरेपणा १९८७ च्या दुरुस्तीनंतर कळवायच्या आजारांच्या यादीत आहे. तुमच्या बाबांची बरीच नोकरी त्याआधी झाली.

खोकल्याबद्दल मात्र थोडं गंभीर बोलतो, घाबरवायला नाही. बॉयलरची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यावर जे वेष्टण (लॅगिंग) असायचं त्यात ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं, दोऱ्यांमध्ये आणि पॅकिंगमध्येपण. पीओएचला ते खरवडून काढायचं म्हणजे बारीक तंतूंचा धुरळा. हा तंतू फुप्फुसात बसतो आणि आजार वीस ते चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. त्यामुळे नोकरी संपून इतकी वर्षं झाली आता काय, असं म्हणून चालत नाही. छातीच्या डॉक्टरकडे न्या आणि "रेल्वेत होते" एवढंच सांगू नका, बॉयलर शॉपला होते, जुनं लॅगिंग काढायचं काम होतं का ते बाबांना विचारून सांगा. डॉक्टर एक्स-रे कुठल्या नजरेने बघणार हे त्यावर ठरतं.

---

कोपरीची_लेक

रबाळेवाल्या दादांचं वाचून राहवलं नाही. माझे वडील लोको वर्कशॉपच्या फाउंड्रीत होते, ते आता नाहीत. मला इथे सगळ्यांना एकच सांगायचंय की शॉपमधली धूळ शॉपमध्ये राहत नव्हती. ते कामाचे कपडे घालूनच घरी यायचे आणि आई ते कपडे चाळीच्या सामाईक मोरीत आधी जोरात झटकायची मग सोड्यात भिजवायची. आम्ही पोरं तिथेच खेळायचो. आईला दम्यासारखा त्रास होता, तिने कधी कारखान्याचं दार बघितलं नाही. तिचा त्रास त्याच धुळीने होता असा दावा मी करत नाही, तपासलंच कोणी नाही तर कसं सांगणार, पण नंतर कुठेतरी वाचलं की कामगाराचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही ॲस्बेस्टॉसचे आजार झाल्याचं परदेशात नोंदवलंय तेव्हापासून मनातून जात नाही. तेव्हा आंघोळीची सोय आणि कपडे धुवायची सोय कामाच्या जागीच असती तर केवढा फरक पडला असता! बॉयलर शॉपवाल्यांच्या घरातल्या बाईलाही एकदा डॉक्टरकडे न्या, प्लीज.

आणखी एक, वडिलांना गूळ मिळायचा. धूळ गिळली की गूळ खायचा म्हणजे छाती साफ होते अशी सगळ्यांची श्रद्धा. गूळ घशाला बरा वाटतो पण धूळ फुप्फुसात गेली की गूळ तिथपर्यंत पोचतच नाही, हे कोणी त्यांना सांगायला हवं होतं. गुळाच्या खड्यावर भागवण्यापेक्षा धूळ ओढून घेणारे पंखे लावायचे होते.

आणि स्टीमवेडा दादा, तुमचा राग नाही. माझ्या वडिलांना पण इंजिनाचा अभिमान होता, गाडी गेली की नंबर बघून सांगायचे याचे ब्लॉक आम्ही ओतलेत. पण अभिमान होता म्हणून मास्क नको होता असं थोडंच आहे.

---

नेरुळचा_स्टीमवेडा

ताई, पटलं. इंजिनांची माहिती गोळा करताना बिल्डर प्लेटवर कंपनीचं नाव आणि साल असतं ते आम्ही नोंदवतो, बॉयलर कोणी उघडला ते कुठेच नसतं. यापुढे जुन्या माणसांना भेटेन तेव्हा इंजिनाबरोबर त्यांच्या शॉपबद्दल आणि तब्येतीबद्दलपण विचारेन.

---

खारेगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार, घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबांना ऐकू येत नाही म्हणून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिली. चार्जमन काकांचं रिबीटचं वाचून ते लगेच म्हणाले की आतला माणूस थोड्या थोड्या वेळाने बदलायचा असं ठरलेलं असायचं पण काम तुंबलं की बदली व्हायचीच नाही, आणि जेवायच्या सुट्टीत बाहेर आल्यावर कँटीनमध्ये सगळे खुणांनीच बोलायचे, बॉयलर शॉपवाल्यांच्या खुणा फाउंड्रीवाल्यांना कळायच्या नाहीत. मुलीने त्यांच्याकडून त्यातल्या काही शिकून घेतल्या, आता दोघं तसंच बोलतात. लॅगिंगचं विचारलं तर म्हणाले पांढरं असायचं, हाताने ओढून काढायचो, अंगाला खाज सुटायची. हे ऐकून मात्र पोटात गोळा आला.

आता दोन प्रश्न. कान इतक्या वर्षांनी तपासून उपयोग आहे का, आणि नुकसानभरपाई वगैरे काही मिळू शकतं का का तो विचार सोडून देऊ?

---

निवृत्त_चार्जमन

पांढरं आणि खाज म्हणाले असतील तर डॉक्टरकडे न्यायला उशीर करू नका. मेडिकल कार्ड चालू आहे ना ते बघा, रिटायर लोकांना रेल्वे हॉस्पिटल आहे, आपल्या बाजूला कल्याणचं जवळ पडतं आणि मोठं काही निघालं तर भायखळ्याचं आंबेडकर हॉस्पिटल. सकाळी लवकर जा, वयस्कर माणसाला रांगेत उभं करू नका, सोबत दोघं जा म्हणजे एक जण बाबांपाशी बसेल.

---

रबाळे_सेफ्टी

कान तपासण्याचा उपयोग नक्की आहे. आवाजाने गेलेले कान परत येत नाहीत हे खरं, पण ऑडिओमेट्रीचा (ऐकण्याच्या तपासणीचा) आलेख बघून ऐकायचं मशीन नीट लावता येतं. आवाजाने गेलेल्या कानात साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पडतो, म्हणून बरेच जण म्हणतात आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, विशेषतः बायकांचा आणि लहान मुलांचा. आता वयाचा परिणामही मिसळलेला असेल तरी डॉक्टरांना कामाचा इतिहास सांगा. मशीन लावल्यावर पहिले काही दिवस भांड्यांचा, पंख्याचा आवाज नकोसा होतो आणि म्हातारी माणसं ते कपाटात ठेवून देतात, तेव्हा आधी शांत खोलीत थोडा वेळ असं सुरू करा. आणि ओरडू नका, समोर बसून तोंड दिसेल असं हळू बोला.

भरपाईचं खोटं आश्वासन देत नाही. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात (तो २०२५ पर्यंत होता) आवाजाने आलेला बहिरेपणा आणि ॲस्बेस्टोसिस (ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा आजार) दोन्ही कामामुळे होणारे आजार म्हणून धरले होते, पण दाव्याला मुदतीचा प्रश्न येतो आणि रिटायर होऊन इतकी वर्षं झाल्यावर बहिरेपणाचं अवघड आहे. छातीत काही निघालं तर निदान आत्ताचं असेल, त्यामुळे ते वेगळं बघावं लागेल, कामगार कायद्याच्या वकिलाला किंवा युनियनच्या ऑफिसात विचारा. त्यासाठी आत्ताच कागद जमवा, पेन्शनची पीपीओ, सर्व्हिस सर्टिफिकेट, आणि ज्याच्यावर हुद्दा आणि शॉपचं नाव आहे असा कुठलाही जुना कागद, पास असला तरी चालेल. बरोबरीचे कोणी हयात असतील तर त्यांच्याकडून कुठल्या साली कुठल्या शॉपला होते ते लिहून सही घ्या. आणि आईलाही त्याच दिवशी सोबत न्या, कपडे घरीच धुतले जात होते हे डॉक्टरांना सांगा.